टाच मोडलेले बूट

गेल्या वर्षी दिवाळीच्या आधीपासून ते थेट जानेवारीपर्यंत मी माझ्या थोरलीला जवळजवळ रोज सकाळी एकाच गोष्टीवरून ओरडत होतो. बुटाची टाच मोडू नको. सहा पन्नासला स्कूलबस नाक्यावर येते, साडेसहापर्यंत धाकटा उठून भोकाड पसरलेला असतो, आई देवघरात, बायको डब्यात, आणि ही बया बुटात पाय सारून मागची टाच चपलेसारखी दाबून फटक फटक करत जिना उतरणार. मी वरून ओरडायचो, अगं साडेसातशेचे बूट आहेत ते, चपला नाहीत, नीट घाल. ती खाली बसून ओढून ओढून घालायची, आणि मी खिडकीतून नजर हटवली की परत मोडायची.

आमच्या घरात खात्यांची वाटणी आहे. डबा, अभ्यास, पालकसभा, डॉक्टर बायकोकडे. गॅस, लाईटबिल, सोसायटीची भांडणं आणि पोरांचे बूट माझ्याकडे. म्हणजे ही चूक शंभर टक्के माझीच, आधीच सांगून टाकतो.

जानेवारीत शाळेचे स्पोर्ट्स झाले. त्या संध्याकाळी ती मोजे काढत होती आणि माझं सहज लक्ष गेलं तर उजव्या पायाच्या अंगठ्याचं नख अर्धं निळं. मी म्हटलं हे कशाने? पळताना लागलं का? म्हणाली नाही, असंच. बूट चावतोय का? थोडासा. कधीपासून? दिवाळीच्या सुट्टीआधीपासून. मग बोलली का नाहीस गं? तर मान खाली घालून म्हणते, तूच म्हणालास ना जूनमध्ये, आता पुढच्या जूनपर्यंत हेच.

म्हणालो होतो खरं. दुकानात बिल देताना, सहज. आपण काय, शंभर गोष्टी बोलतो.

मग तो बूट घेतला आणि आतलं इनसोल, म्हणजे तो पायाखालचा सुटा पट्टा, उपसून काढला. फूटपट्टी लावली, २०१ मिलिमीटर. तिला भिंतीला टाच टेकवून कागदावर उभं केलं, पेन्सिलने खूण केली, मोजलं, २०३. पाय बुटापेक्षा दोन मिलिमीटर मोठा! म्हणजे एवढे दिवस बोटं आत दुमडून चालली होती पोरगी, आणि टाच मोडणं हा तिने स्वतः शोधलेला उपाय होता. मागून मोडलं की पुढे जागा होते, साधं गणित. मी मात्र शिस्त लावत होतो.

त्यानंतर मी या विषयात जरा जास्तच घुसलो. बायको म्हणते तू बुटांवर पीएचडी करतोयस. पण खरंच, इतकी वर्षं आपण पोरांचे बूट घेतो आणि कसे घ्यायचे ते कुणीच शिकवलेलं नसतं.

आमच्या लहानपणी एकच नियम होता, वाढत्या अंगाचं घ्यायचं. युनिफॉर्म वाढत्या अंगाचा, स्वेटर वाढत्या अंगाचा, बूट तर हमखास. बाबा परळच्या गिरणीत होते, १९८२ च्या संपानंतर ती नोकरी गेलीच, पुढे मिळेल ते काम केलं, त्या घरात दरवर्षी दोन भावांना नवे बूट हा प्रश्नच नव्हता. दादाला दोन नंबर मोठे घ्यायचे, पुढे कापूस नाहीतर पेपरचे बोळे कोंबायचे, जसजसा पाय वाढेल तसतसे बोळे कमी. बोळे संपले की बूट माझ्याकडे, पुन्हा नव्या बोळ्यांसकट. पीटीचे पांढरे कॅनव्हासचे बूट होते त्यांना खडू फासायचो, आणि अगदीच लहान झाले की आई ब्लेडने पुढचा भाग कापून द्यायची, अंगठा बाहेर. घरात घालायला, पाणी भरायला. आता हसू येतं पण तेव्हा त्यात काही वाटायचं नाही, चाळीत निम्म्या पोरांचे अंगठे बाहेरच होते.

ते कापलेले बूट मला आठवले ते एका अमेरिकन माणसाची गोष्ट वाचताना. केन्टन ली त्याचं नाव. २००७ मध्ये तो केनियात नैरोबीला एका अनाथाश्रमात काम करत होता, तिथे त्याला एक छोटी मुलगी दिसली, अंगात पांढरा फ्रॉक आणि पायात इतके लहान बूट की पुढचा भाग कापून बोटं बाहेर काढलेली. त्याच्या डोक्यात आलं की पायाबरोबर वाढणारा बूट का नाही? मग पुढे काही वर्षं खटपट करून त्याने खरोखरच तसा सँडल बनवला, पुढून, बाजूने आणि मागून बटणांनी आणि पट्ट्यांनी मोठा करता येणारा, एकच जोड पाच नंबरांपर्यंत वाढतो आणि पाच वर्षं टिकावा असा हिशेब. गरीब देशांतल्या मुलांना ते वाटतात. मला सगळ्यात भारी हे वाटलं की त्याला जे बघून धक्का बसला ते आमच्या आईने दर दोन वर्षांनी केलेलं काम होतं.

आपल्याकडेही असा प्रयत्न झालाय, पुण्यातल्या अरेटो नावाच्या कंपनीने पोरांसाठी ताणले जाणारे बूट काढलेत, सोलमध्येच खाचा असतात आणि पाय वाढला की सोल पसरतो, वरचं कापडही ताणतं. मी अजून घेतलेले नाहीत. एक तर नेहमीच्या शाळेच्या बुटापेक्षा महाग, आणि दुसरं म्हणजे आमचा धाकटा बूट लहान व्हायची वाटच बघत नाही, तो त्याआधी सोल वेगळा करून दाखवतो. ज्यांची पोरं जरा सभ्य आहेत त्यांनी बघायला हरकत नाही.

तर मुद्दा पाय किती वाढतो हा. एक ते तीन वर्षांच्या पोरांचा पाय महिन्याला साधारण दीड मिलिमीटर वाढतो, तीन ते सहाच्या पोरांचा एक मिलिमीटरच्या आसपास, पुढे अजून थोडा हळू. एक मिलिमीटर म्हणजे किती ते नखावर बघा, काहीच नाही वाटत. पण बुटाच्या पुढे जागाच दहा-बारा मिलिमीटर ठेवायची असते, त्यातली निम्मी संपली की पाय आत अडायला लागतो, म्हणजे तुमच्याकडे एकूण पाच-सहा महिने असतात. जूनला घेतलेला बूट एप्रिलपर्यंत जाणं हे या गणितात बसतच नाही! आणि आपण सगळे वर्षानुवर्षं जूनला घेतो आणि एप्रिलपर्यंत रेटतो. आमच्या केसमध्ये मी उलटा हिशेब केला, जानेवारीत २०३ म्हणजे जूनमध्ये १९६-९७ असणार, बूट २०१ चा, म्हणजे घेतानाच पुढे फक्त चार-पाच मिलिमीटर. दुकानातला पोरगा मात्र अंगठ्याने पुढून दाबून म्हणाला होता, एकदम परफेक्ट आहे साहेब.

हा अंगठा दाबायचा प्रकार फसवा आहे. तुम्ही वरून दाबलं की पोरं आत आपोआप बोटं आखडून घेतात, मग तुम्हाला वाटतं वा, जागा आहे की. आणि पोरीला विचारलं लागतंय का, तर ती बुटावरचं चकाकणारं बक्कल बघत नाही म्हणणार, कारण लागतंय म्हटलं तर ते बक्कलवाले मिळणार नाहीत. लहान पोरांना तर खरोखरच कळत नाही, त्यांच्या पायात हाडं कमी आणि कुर्चा जास्त असते, मऊ असतं सगळं, बारक्या बुटातही पाय गुपचूप मावून जातो. मोठ्यांच्या एका पायात २६ हाडं असतात, ती सगळी पक्की व्हायला पोरांना वयात यावं लागतं. मुलाचे पाय पाळण्यात दिसतात म्हणतात, दिसत असतील, पण नंबर काही दिसत नाही.

म्हणून आता मी पोरांना विचारत नाही, मोजतो. संध्याकाळी मोजायचं, कारण दिवसभर चालून पाय थोडा फुगलेला असतो. उभं करूनच मोजायचं, बसवून नाही, वजन पडलं की पाय पसरतो. दोन्ही पाय मोजायचे, थोरलीचा डावा उजव्यापेक्षा तीन मिलिमीटर मोठा निघाला, मला इतकी वर्षं पत्ता नाही, तर जो मोठा त्याच्या मापाने घ्यायचं. पेन्सिल सरळ उभी धरायची, तिरकी धरली की पायाखाली जाते आणि माप कमी येतं. कपाटाच्या दाराला आतून मी एक कागद चिकटवलाय, तारीख आणि दोघांचे आकडे. धाकट्याला हा खेळ इतका आवडलाय की तो दर दोन दिवसांनी येऊन सांगतो बाबा माझा पाय वाढला, मोज.

दुकानात जाताना हा कागदाचा पाय कापून खिशात न्यायचा. बुटातून इनसोल निघत असेल तर काढायचं आणि पोराला त्यावरच उभं करायचं, पुढे किती जागा उरते ते डोळ्यांनी दिसतं, अंगठ्याने दाबायची गरजच नाही. पहिल्यांदा केलं तेव्हा दुकानदार माझ्याकडे असा बघत होता की जणू मी बूट फाडतोय.

आता नंबरची गंमत. थोरलीचा बूट तेराचा होता, जानेवारीत नवा घ्यायला गेलो तर एक नंबर आला. घरी आल्यावर आईने डबा बघितला आणि म्हणाली, काय रे, गेल्या वर्षी तेरा आणि आता एक? पोरगी लहान होतेय की काय? मी पण विचारात पडलो, मग शोधलं. आपल्याकडे जे नंबर चालतात ते इंग्रजांचे, आणि इंग्रजांचा नंबर चालतो जवाच्या दाण्यावर. खोटं नाही सांगत. तीन जव म्हणजे एक इंच, आणि बुटाचा एक नंबर म्हणजे एक जव, साधारण साडेआठ मिलिमीटर. पोरांचे नंबर चार इंचावर शून्यापासून सुरू होतात, तेरापर्यंत जातात, आणि तिथून पुन्हा एकपासून मोठ्यांची मोजणी सुरू. का तेराच, असं विचारू नका, इंग्रजांचा कारभार. तसं आपल्याकडेही जुन्या मोजणीत आठ यव म्हणजे एक अंगुल होतंच, म्हणजे जवाचे दाणे मांडून मोजायची आयडिया दोघांचीही, फरक इतकाच की आपण ती सोडली आणि त्यांची अजून पायात घालतोय. युरोपचा नंबर वेगळा, तो पावणेसात मिलिमीटरला थोडा कमी. म्हणून डब्यावर तीन-तीन आकडे छापलेले असतात आणि दोन कंपन्यांचा एक नंबर एकसारखा निघत नाही. मिलिमीटर धरून बसावं, त्यात कुणाचा जव नाही.

थोरलीला अर्धा नंबर हवा होता असं आता वाटतं. पण शाळेच्या काळ्या बुटात आमच्या इकडच्या दुकानांत अर्धा नंबर मागून बघा, म्हणतात साहेब घ्यायचा तर पूर्ण घ्या. मग एक तर घट्ट नाहीतर साडेआठ मिलिमीटरने ढगळ.

जुन्या दुकानांत पाय मोजायची पट्टी असायची, आठवतंय का? दादरला रानडे रोडवर एका दुकानात लाकडी होती, टाच मागे टेकवायची आणि पुढचा तुकडा सरकवत आणायचा, तो थंडगार तुकडा अंगठ्याला टेकला की आम्ही दोघं भाऊ फिदीफिदी हसायचो. अमेरिकेत चार्ल्स ब्रॅनॉक नावाच्या माणसाने १९२० च्या दशकात पाय मोजायचं धातूचं यंत्र काढलं, त्याच्या वडिलांचं बुटांचं दुकान होतं, आणि पहिला नमुना त्याने म्हणे मेकॅनोसारख्या खेळण्याच्या पट्ट्या जोडून केला. त्यात लांबी, रुंदी आणि टाचेपासून चवड्यापर्यंतचं अंतर अशी तीन मापं येतात. हे तिसरं महत्त्वाचं, कारण बूट जिथे वाकतो तिथेच पाय वाकला पाहिजे. आता कुणी मोजतच नाही, पोराकडे बघून अंदाजाने डबे काढतात. अनुभवी असतात, मान्य, पण त्यांना डबा खपवायचाय.

रुंदीवरून आठवलं. धाकट्याचे पाय पसरट, अगदी माझ्या बाबांसारखे. त्याला लांबीला बसेल तो बूट रुंदीला चावतो, मग आपण काय करतो, एक नंबर मोठा घेतो. रुंदीला बसतो, पण पुढे एवढी जागा की तो धडपडतो, आणि बूट चुकीच्या ठिकाणी वाकतो. मला वाटायचं याचाच पाय विचित्र आहे. तर चेन्नईच्या सीएलआरआयने, म्हणजे सरकारी चर्म संशोधन संस्थेने, डिसेंबर २०२१ ते मार्च २०२२ मध्ये देशभरात ७९ ठिकाणी ५ ते ५५ वयाच्या एक लाखाच्या वर लोकांचे पाय थ्रीडी स्कॅनरने मोजले, आणि निष्कर्ष असा की भारतीयांचे पाय युरोपियन लोकांपेक्षा रुंदच असतात. म्हणजे पाय बरोबर आहे हो, साचा परका आहे! त्यावरून भारताची स्वतःची मापं सुचवली आहेत, नाव ‘भा’, भारतातला भा, तान्ह्या बाळापासून मोठ्यांपर्यंत वयाप्रमाणे आठ गट. त्याच पाहणीत असंही निघालं की मुलींच्या पायाची वाढ अकराव्या वर्षाच्या सुमाराला सगळ्यात जोरात असते आणि मुलांची पंधरा-सोळाला. थोरली आता नऊ वर्षांची आहे, म्हणजे अजून दोन वर्षांनी आमच्याकडे काय होणार ते दिसतंच आहे.

तोपर्यंत पसरट पायाला वेलक्रो. लेसचा बूट पण चालतो, पण पाच वर्षांच्या पोराला लेस बांधणार कोण, सकाळी सहा पन्नासच्या बसला?

धाकट्याचा अजून एक किस्सा. तो तीन वर्षांचा असताना शेजारच्या काकूंनी त्याच्या ओल्या पावलांचे फरशीवरचे ठसे बघून जाहीर केलं, याचे पाय सपाट आहेत, आत उंचवट्याचे स्पेशल बूट घ्या, नाहीतर पुढे पोलिसात घेणार नाहीत. आई तर रडायचीच बाकी होती, पोलिसात घालायचा बेत तोवर कुणाचाच नव्हता ही गोष्ट वेगळी. डॉक्टरकडे नेलं. त्यांनी त्याला चवड्यावर उभं राहायला सांगितलं, पायाखाली खळगा दिसला, म्हणाले झालं, जा घरी, या वयात तळव्याला चरबीची गादी असते, खळगा पाच-सहा वर्षांपर्यंत दिसायला लागतो, घरात अनवाणी फिरू दे. आपल्याकडे घरात चपला नसतातच, तेवढं एक आपण न कळत बरोबर करतोय. ते पी-पी वाजणारे बूट मात्र त्याला साताऱ्याच्या आत्याने दिले होते, खालच्या मजल्यावरून दुपारी दोन वाजता तक्रार आली तेव्हा आम्ही ते फार आनंदाने कपाटावर टाकले.

थोरलीचे बूट धाकट्याला का नाही, हा खर्चिक प्रश्न आमच्या घरी दर वर्षी येतो. आईचं म्हणणं दुसऱ्याचं पायताण घालू नये. मी आधी याला अंधश्रद्धा म्हणायचो, आता अर्धा तिच्या बाजूला गेलोय, कारण शाळेचा बूट वर्षभरात घालणाऱ्याच्या चालीप्रमाणे झिजतो, सोल एका बाजूने खाली जातो, आत पायाचा खड्डा पडतो. त्यात दुसऱ्याचा पाय गेला की त्याला त्या चालीने चालावं लागतं. गमबूट, रबरी क्लॉग (ते भोकाभोकांचे मऊ जोड), लग्नात दोनदा घातलेल्या मोजड्या हे खुशाल द्यावं. (क्लॉग घालून सरकत्या जिन्यावर मात्र नीट मधोमध उभं करा पोरांना, मऊ असतात ते, कडेच्या फटीत ओढले जातात. मॉलमध्येच नाही, आपल्या स्टेशनांवरच्या जिन्यांवरही.) बाकी चांगल्या अवस्थेतले बूट वॉचमनच्या मुलीला विचारून, आधी मापाला लावून बघून देतो. अगदीच गेलेले असतील तर मुंबईतच सुरू झालेली ग्रीनसोल नावाची संस्था आहे, ती टाकलेल्या बुटांच्या सोलपासून चपला बनवून शाळेच्या मुलांना देते.

आता पावसाचं. हे मला कुणी आधी सांगितलं असतं तर इतक्या वर्षांचे पैसे वाचले असते. मुंबईत जूनमध्ये काळे बूट घेणं हाच मूर्खपणा आहे. शाळा पंधरा जूनच्या आसपास उघडते, पाऊसही त्याच सुमाराला येतो, दुकानांत पाय ठेवायला जागा नसते, हवा तो नंबर संपलेला असतो. नवाकोरा बूट आणायचा आणि जुलैत त्याला पांढरी बुरशी. रात्रभर आत पेपर कोंबून फ्रिजच्या मागे ठेवायचा, सकाळी पेपर ओला, बूट ओलाच. एकदा मी गॅसजवळ ठेवला तर कातडं तडकलं. स्टेशनबाहेर चपला शिवणारे काका आहेत, त्यांनी तो हातात घेऊन उलटापालटा केला आणि म्हणाले, साहेब, पावसात बूट मरतो, तुम्ही याला आधी बुडवला आणि मग भाजला. मग त्यांनीच सांगितलं, पावसात प्लास्टिकचे सँडल चालवा, बूट नवरात्रात घ्या, मी माझ्या पोरांना तसंच करतो.

मी शाळेत विचारलं, पावसाळ्यात काळे रेनी सँडल चालतात म्हणाले, म्हणजे नियम होताच, आम्हीच वाचला नव्हता. तर यंदा जूनमध्ये दोघांना फक्त सँडल घेतले, पुढून उघडे, पट्ट्या सैल-घट्ट करता येणारे, पाय थोडा वाढला तरी सामावतो. थोरलीचे जानेवारीत घेतलेले बूट पहिल्या दिवशी आणि फोटोच्या दिवशी घातले, झालं. आणि काळे बूट नवरात्रात. हिशेब बघा, ऑक्टोबरला बारा मिलिमीटर जागा ठेवून घेतला तर एप्रिलला परीक्षेपर्यंत पाच-सहा उरते, आणि मे महिन्यात तो तसाही बाद. पाऊसही चुकला, गर्दीही चुकली. ठक्कर बाप्पा कॉलनीत गेलो होतो, कुर्ला-चेंबूरच्या मध्ये, घराघरात बूट शिवतात तिथे, खाली दुकान आणि वर कारखाना. माझा कागदाचा पाय बघून तिथला म्हातारा कारागीर खूश झाला, त्याने कागद साच्यावर ठेवला, बोटाने चवड्याची जागा दाखवली आणि धाकट्यासाठी रुंद साच्याचा जोड आतून काढून दिला. पोराचा पाय पहिल्यांदा न ओढता आत गेला.

बारा मिलिमीटरवरून आईशी माझी अजून बोलणी चालू आहेत. तिच्या मते दोन बोटं जागा पाहिजे, म्हणजे वर्ष निघतं. मी तिला सांगतो फार मोठ्या बुटात पाय पुढे घसरतो, तो घसरू नये म्हणून पोरं बोटांनी बूट पकडून चालतात, टाचेला फोड येतात, पायऱ्यांवर पडतात. ती म्हणते तुम्ही दोघं पडलात का? पडलो होतो, दादाच्या हनुवटीवर खूण आहे अजून, पण त्याचं खापर ती चाळीच्या जिन्यावर फोडते.

थोरलीशी काय बोललो ते सांगायचं राहिलं. फार काही नाही बोललो. म्हटलं, परत लागलं की त्याच दिवशी सांगायचं, बुटाचे पैसे हा तुझा विषय नाही. ती हो म्हणाली. मग थोड्या वेळाने येऊन विचारते, पण मग तू जूनपर्यंत का म्हणालास? मला उत्तर सुचलं नाही. म्हटलं चुकलो. टाचेवरून मी ओरडलो त्याचंही तिने वेगळं चुकलो म्हणवून घेतलं.

परवा शनिवारी संध्याकाळी महिन्याचं मोजमाप होतं. दोघांचं झालं, थोरली म्हणाली बाबा आता तू उभा राहा. राहिलो. पेपर पसरला, टाच भिंतीला, तिने पेन्सिल अगदी सरळ धरून खूण केली, मग माझ्या ऑफिसच्या बुटाचं इनसोल स्वतः उपसलं आणि पट्टी लावून बसली. पाय २७१, इनसोल २७३. दोन मिलिमीटर. मी कॉलेजपासून आठ नंबर घालतो, कधी मोजलंच नाही, वयाबरोबर मोठ्यांचाही पाय पसरतो म्हणे. ती बूट हातात घेऊन मागून पुढून बघत होती. म्हणाली, तू टाच नाही मोडत?

मी म्हटलं चला, आत्ताच जाऊन घेऊन येतो. आतून आईचा आवाज, शनिवारी पायताण घेऊ नये, उद्या जा. आणि थोड्या वेळाने परत, घेतोच आहेस तर एक नंबर मोठेच घे.